वाचकांचे प्रश्न : भंगारातल्या फ्यूजरसाठी साधा तापमान नियंत्रक

प्रश्न : संपादक महोदय, सप्रेम नमस्कार. बंद पडलेल्या एका लेझर प्रिंटरमधून त्याचा तापणारा भाग, म्हणजे फ्यूजर, मी अखंड काढून घेतला आहे. छापील सर्किटच्या पाट्या मी घरीच करतो. कागदावरचा टोनर, म्हणजे लेझर प्रिंटरची भुकटीची शाई, तांब्याच्या पाटीवर उतरवण्यासाठी आतापर्यंत इस्त्री वापरत होतो, पण ठसा एका कडेला घट्ट बसतो आणि दुसऱ्या कडेला सुटतो. ते काम या फ्यूजरने करावे असा विचार आहे. त्याच्यावरच्या लेबलवर २२०–२४० व्होल्ट आणि ८०० वॉट असे लिहिले आहे. दोन जाड पांढऱ्या तारा रोलरच्या आतल्या काचेच्या नळीकडे जातात. दोन बारीक तारा रोलरवर टेकलेल्या एका पट्टीकडे जातात आणि त्यांच्यामध्ये मल्टीमीटर सुमारे ३५० किलोओहम दाखवतो. जाड तारांपैकी एकीच्या मार्गात रोलरलगत एक छोटी गोल चकती आहे. ती ऐन कामात वीज तोडेल असे वाटते, तेव्हा ती काढून तारा थेट जोडल्या तर चालेल का? आणि मायक्रोकंट्रोलर, म्हणजे प्रोग्रामवर चालणारी चिप, न वापरता १८० अंश सेल्सिअसच्या आसपास तापमान धरून ठेवणारे साधे सर्किट आपण सुचवाल का?

उत्तर : चकतीविषयीच्या प्रश्नाचे उत्तर आधी देतो, कारण बाकीची मांडणी त्यावरच उभी आहे. ती चकती काढू नये. तिच्यावरून तार उडवून देऊ नये आणि ‘फक्त चाचणीपुरती’ म्हणूनही तिला वगळू नये. ती उष्णतेने उघडणारा खटका आहे. रोलर ठरावीक मर्यादेपलीकडे तापला की ती हॅलोजन दिव्याची वीज तोडते आणि त्यासाठी तिला कोणत्याही इलेक्ट्रॉनिक सर्किटची परवानगी लागत नाही. थंड असताना तिच्या दोन टोकांमध्ये मल्टीमीटरने शून्याजवळचा रोध दाखवला पाहिजे. तसे दिसत नसेल, तर ती आधीच उडालेली आहे आणि तशाच मर्यादेची दुसरी बसवावी लागेल. नियंत्रक नीट चालत असेल तर ही चकती कधीच मध्ये येत नाही. ती वारंवार वीज तोडत असेल, तर दोष नियंत्रकात शोधावा.

तिच्याविषयी एवढ्या आग्रहाने लिहिण्याला स्वतःच्या फजितीचेही कारण आहे. माझ्या पहिल्या नियंत्रकात जोडणी करताना थर्मिस्टरची (तापमानानुसार रोध बदलणाऱ्या मण्याची, म्हणजे आपल्या बारीक तारा जिथे जातात ती) स्प्रिंगपट्टी किंचित वाकली होती आणि रोलरपासून जेमतेम पोस्टकार्डाच्या जाडीइतकी दूर राहिली होती. सर्किटमध्ये काहीही चूक नव्हती. थर्मिस्टरला जे तापमान जाणवत होते ते सुमारे १४० अंश होते, आणि सर्किट प्रामाणिकपणे ‘अजून तापव’ असे सांगत राहिले. प्रत्यक्षात रोलरवरच्या टेफ्लॉनच्या लेपातून विरळ, उग्र वासाचा धूर निघू लागला, आणि मी प्लगकडे हात नेत असतानाच ‘टक्’ असा आवाज होऊन चकतीने दिवा बंद केला. टेफ्लॉन साधारण २६० अंशांच्या पुढे विघटित होऊ लागते आणि त्याचा धूर माणसांना त्रासदायक, तर पाळीव पक्ष्यांना प्राणघातक ठरू शकतो. त्यामुळे पहिल्या चाचण्या खिडक्या उघड्या ठेवून कराव्यात आणि पक्ष्याचा पिंजरा त्या खोलीत नसावा.

आता आपला फ्यूजर. रोलरच्या आत काचेची नळी दिसते आहे, म्हणजे तो हॅलोजन दिव्याचा आहे आणि नियंत्रणाच्या दृष्टीने हा सोयीचा प्रकार आहे. दुसऱ्या प्रकारात पोकळ ॲल्युमिनियमच्या रोलरऐवजी पॉलिइमाइडची पातळ बाही असते आणि तिच्या आत सिरॅमिकची तापणारी पट्टी बसवलेली असते. ती काही सेकंदांत तापते, पण बाही फिरत नसेल तर तेवढ्याच वेळात ती जळतेही. तसा फ्यूजर कोणा वाचकाकडे असेल, तर आधी मोटर आणि मगच हीटर, हा क्रम त्यांनी एकदाही मोडू नये. हॅलोजनच्या प्रकारातही रोलर फिरत असलेला बरा. थांबलेल्या तापलेल्या रोलरखाली सिलिकॉन रबराचा दाबरोलर एकाच जागी भाजला जातो आणि तिथे कायमचा चपटा होतो.

काचेच्या नळीला उघड्या बोटांनी स्पर्श करू नये, कारण त्वचेचे तेल तापलेल्या क्वार्ट्झला डाग पाडते आणि नळी त्या जागी तडकू शकते. बोट लागलेच असेल तर ती जागा अल्कोहोलने पुसून घ्यावी. जाड तारांमध्ये मल्टीमीटर अवघा चार-पाच ओहम दाखवील. तो पाहून हीटर शॉर्ट झाला आहे असे समजू नये. २३० व्होल्टवर ८०० वॉट म्हणजे सुमारे ३.५ अँपिअर आणि तापलेल्या तंतूचा रोध ६६ ओहम. थंड टंगस्टनचा रोध याच्या दहाव्या हिश्श्याहूनही कमी असतो. त्यामुळे वीज सुरू करताच पहिल्या क्षणी धारा कित्येक पटींनी उसळते. साध्या रिलेचे संपर्क अशा उसळीने चिकटून बसतात, आणि चिकटलेला रिले म्हणजे सतत चालू असलेला हीटर. म्हणूनच इथे साधा रिले वापरू नये.

थर्मिस्टर ‘एनटीसी’ प्रकारचा आहे, म्हणजे तापमान वाढले की त्याचा रोध घटतो. त्याची माहितीपत्रिका मिळाली नाही तरी फारसे अडत नाही. दोन तापमानांना रोध मोजला की तिसऱ्याचा अंदाज काढता येतो. थर्मिस्टर काढून कोरड्या, पातळ काचेच्या परीक्षानळीत ठेवावा, सोबत मल्टीमीटरचा थर्मोकपल (तापमान मोजणारी तार) बांधावा, नळी उकळत्या पाण्यात धरावी आणि आकडे स्थिर होईपर्यंत थांबावे. पाणी समुद्रसपाटीला १०० अंशांना उकळते आणि उंचीनुसार दर ३०० मीटरला सुमारे १ अंशाने कमी तापमानाला उकळते, म्हणून थर्मोकपलचाच आकडा खरा मानावा. समजा, २५ अंशांना ३५० किलोओहम आणि १०० अंशांना २२ किलोओहम मिळाले. या दोन रोधांच्या गुणोत्तराचा नैसर्गिक लॉगॅरिदम २.७७ येतो. २९८ आणि ३७३ या निरपेक्ष तापमानांच्या व्यस्तांमधला फरक ०.०००६७४ आहे. पहिल्या संख्येला दुसरीने भागले की सुमारे ४१०० हा त्या थर्मिस्टरचा ‘बीटा’ मिळतो. तोच हिशेब पुढे नेला, तर १७० अंशांना ३.८७, १८० अंशांना ३.१५ आणि १९० अंशांना २.६ किलोओहम येतात, म्हणजे १८०च्या आसपास दर अंशाला रोध साधारण २ टक्क्यांनी बदलतो. बीटा पूर्णपणे स्थिर नसल्यामुळे या अंदाजात काही अंशांची चूक राहते. ती शेवटी डायलवर खुणा करताना निघून जाते. पुढचे सगळे आकडे याच उदाहरणाचे आहेत, तेव्हा आपली मोजमापे वेगळी आली तर हिशेब पुन्हा करावा.

थर्मिस्टरचे एक टोक जमिनीला, म्हणजे सर्किटच्या शून्य व्होल्टच्या तारेला, जोडावे आणि दुसरे एका रोधकामार्फत स्थिर ५ व्होल्टला जोडावे. हा रोधक किती असावा, यात थोडे राजकारण आहे. १८० अंशांना सर्वांत तीव्र प्रतिसाद हवा असेल, तर तो थर्मिस्टरच्या त्या वेळच्या रोधाइतका, म्हणजे ३.३ किलोओहमचा घ्यावा, असे पुस्तक सांगते. तसे केल्यास दर अंशाला २५ मिलिव्होल्टचा फरक मिळतो. मात्र तेव्हा थंड थर्मिस्टर ४.९५ व्होल्ट देतो आणि तार तुटलेला थर्मिस्टर ५ व्होल्ट देतो. सर्किटला या दोघांतला भेद ओळखता आला पाहिजे, कारण तुटलेली तार त्याच्या दृष्टीने ‘अतिशय थंड’ असते आणि ते हीटर पूर्ण शक्तीने चालू ठेवते. मी म्हणून १० किलोओहमचा, १ टक्का अचूकतेचा मेटल फिल्म रोधक घेतो. १८० अंशांना १.२० व्होल्ट मिळतात आणि दर अंशाला १८ मिलिव्होल्ट, जे या कामाला पुरेसे आहेत. २५ अंशांच्या खोलीत ४.८६ व्होल्ट, १० अंशांच्या थंडीत ४.९३ व्होल्ट आणि तार तुटल्यास ५ व्होल्ट. थोडी तीव्रता गमावून आपण तुटलेली तार ओळखण्याइतकी जागा मिळवतो.

कंपॅरेटर, म्हणजे दोन व्होल्टेजांची तुलना करून कोणते अधिक ते सांगणारा भाग, म्हणून एलएम३९३ ही आठ पायांची जुनी, भरवशाची आयसी घ्यावी. तिच्यात दोन कंपॅरेटर असतात आणि आपल्याला दोन्ही लागणार आहेत. तिला १२ व्होल्ट द्यावेत आणि थर्मिस्टरच्या जोडणीसाठीचे ५ व्होल्ट ७८०५ या स्थिर व्होल्टेज देणाऱ्या आयसीने वेगळे करावेत. तिचे निवेश (व्होल्टेज आत घेणारे पाय) पुरवठ्याच्या दीड-दोन व्होल्ट खालपर्यंतच विश्वासाने काम करतात. आयसीलाही ५च व्होल्ट दिले, तर ४.९ व्होल्टच्या जवळची तुलना बिघडते.

पहिल्या कंपॅरेटरच्या ऋण निवेशाला डायलचे व्होल्टेज द्यावे. ५ व्होल्टपासून जमिनीपर्यंत ३३ किलोओहम, मग १० किलोओहमचा पोटेन्शिओमीटर (डायलने फिरवायचा रोधक), मग १० किलोओहम अशी माळ केली, की डायलची मर्यादा सुमारे १५० ते १९५ अंश अशी बसते. डायल पूर्ण फिरवला तरी २०० ओलांडत नाही, हा या माळेचा गुण आहे. पोटेन्शिओमीटरच्या मधल्या टोकापासून ५ व्होल्टला १ मेगओहमचा रोधक जोडून ठेवावा, म्हणजे सरकणारा संपर्क कधी उचलला गेला तर निवेश वर ओढला जाईल आणि हीटर बंद होईल. धन निवेशाला थर्मिस्टरचे व्होल्टेज ४७ किलोओहममधून द्यावे आणि निर्गमापासून (उत्तर बाहेर देणाऱ्या पायापासून) त्याच निवेशाला १० मेगओहमचा रोधक परत आणावा. यामुळे चालू होण्याच्या आणि बंद होण्याच्या तापमानांत सुमारे २ अंशांचे अंतर पडते आणि सर्किट उंबरठ्यावर फडफडत नाही. हा परतीचा रोधक लहान घेऊन थेट थर्मिस्टरला जोडण्याचा मोह होतो. तसे केल्यास तार तुटल्यावर तोच रोधक थर्मिस्टरचे सोंग घेतो आणि पुढची सारी खबरदारी फुकट जाते.

दुसरा कंपॅरेटर फक्त तार तुटली आहे का, एवढेच पाहतो. त्याच्या धन निवेशाला ५ व्होल्टपासून १ किलोओहम आणि जमिनीला १५० किलोओहम अशा जोडीने मिळणारे ४.९७ व्होल्ट द्यावेत. ऋण निवेश थेट थर्मिस्टरला जोडावा. एलएम३९३चे निर्गम खुल्या कलेक्टरचे, म्हणजे फक्त खाली ओढू शकणारे, असल्यामुळे दोन्ही एकत्र बांधता येतात. ४.७ किलोओहमच्या एका रोधकाने ते १२ व्होल्टकडे ओढून ठेवले, की दोघांपैकी एकानेही ‘नको’ म्हटल्यास निर्गम खाली येतो. तिथून १० किलोओहममधून बीसी५४७ ट्रान्झिस्टर आणि ट्रान्झिस्टरने शक्तीचा टप्पा, म्हणजे हीटरची वीज चालू-बंद करणारा भाग, चालवावा. थर्मिस्टर शॉर्ट झाला, तर सर्किटला तो ‘अतिशय गरम’ वाटतो आणि हीटर आपोआप बंद राहतो. त्याची वेगळी काळजी घ्यावी लागत नाही.

शक्तीच्या टप्प्यासाठी दोन मार्ग आहेत. ज्यांना मुख्य विजेच्या जोडणीचा सराव आहे त्यांनी एमओसी३०६३ हा ऑप्टोकप्लर (प्रकाशाने संदेश देऊन दोन सर्किटे विलग ठेवणारा भाग) आणि बीटीए१६-६०० हा ट्रायॅक (प्रत्यावर्ती विजेचा इलेक्ट्रॉनिक स्विच) घ्यावा. या ट्रायॅकचा पत्रा आतून विलग असल्यामुळे तो हीटसिंकवर निर्धोक बसतो. ऑप्टोकप्लर निवडताना ६०० व्होल्टचाच निवडावा, कारण २३० व्होल्टच्या प्रत्यावर्ती विजेचे शिखर ३२५ व्होल्टचे असते आणि ४०० व्होल्टच्या प्रकारात उसळ्यांसाठी फारशी जागा उरत नाही. ज्यांचा हा पहिलाच प्रयत्न आहे त्यांनी तयार सॉलिड स्टेट रिले (हलते संपर्क नसलेला इलेक्ट्रॉनिक रिले) आणावा. तो विजेच्या लहरीच्या शून्यबिंदूवर चालू होणारा आणि २५ अँपिअरचा असावा. प्रत्यक्ष धारा जेमतेम साडेतीन अँपिअर असली तरी थंड तंतूच्या उसळीसाठी एवढी जागा ठेवावी लागते. चालू असताना त्याच्यात सुमारे ४ वॉट उष्णता निर्माण होते, म्हणून त्याला हीटसिंक हवा. आणखी एक गोष्ट लक्षात असावी : सॉलिड स्टेट रिले किंवा ट्रायॅक बिघडतो तेव्हा बहुधा शॉर्ट होऊन बिघडतो, म्हणजे हीटर चालूच राहतो. त्या क्षणी कंपॅरेटर कितीही शहाणा असला तरी त्याचे कोणी ऐकत नाही. ऐकते ती फक्त चकती.

धातूच्या चौकटीला अर्थिंगची तार स्क्रूने घट्ट बसवावी. पुरवठ्यात ५ अँपिअरचा स्लो-ब्लो फ्यूज, दोन्ही तारा एकदम तोडणारा स्विच आणि त्यामागे ३० मिलिअँपिअरचा गळतीसंरक्षक असावा. रोलरजवळच्या तारा सिलिकॉन किंवा काचतंतूच्या आवरणाच्याच असाव्यात, कारण साध्या पीव्हीसीचे आवरण तिथे मऊ पडते. आणखी एक चूक नवशिके हमखास करतात : रोलरलगतचे जोड ते झाळतात. कथिल-शिशाचे नेहमीचे ६३-३७ सोल्डर १८३ अंशांना वितळते आणि आपण रोलर ठेवणार आहोत १८० अंशांना. तिथले जोड दाबून बसवलेल्या टोप्यांचेच असावेत.

पहिली चाचणी सिरीज बल्ब लावून करावी. शंभर वॉटचा तंतूचा बल्ब हीटरच्या मार्गात एकसरीत जोडला, की थंड हॅलोजनचा रोध त्याच्यापुढे नगण्य असल्यामुळे बल्बच जवळजवळ पूर्ण तेजाने पेटतो आणि रोलर कोमटही होत नाही. एलईडीचा बल्ब इथे चालणार नाही, कारण रिले बंद असतानाच्या किरकोळ गळतीनेही तो मिणमिणू शकतो. आता थर्मिस्टरची एक तार काढावी : बल्ब विझला पाहिजे. मग त्याच्या जागी ३.९ किलोओहमचा रोधक लावला तर डायलच्या १८०च्या खुणेला बल्ब पेटला पाहिजे आणि २.७ किलोओहमचा लावला तर विझला पाहिजे. प्रत्येक बदलापूर्वी प्लग काढावा. रिले ‘बंद’ आहे म्हणजे तारेत वीज नाही, असे होत नाही. हे सगळे जमल्यावरच बल्ब काढून रोलर फिरवत तापवावा, थर्मोकपल रोलरला टेकवून डायलवर खुणा कराव्यात. दूरून तापमान मोजणाऱ्या इन्फ्रारेड मापकावर इथे विसंबू नये, कारण चकचकीत ॲल्युमिनियमवर तो खऱ्यापेक्षा कितीतरी कमी आकडा दाखवतो.

प्रश्न : मी असाच नियंत्रक केला आहे, पण १८०वर लावल्यावर तापमान पहिल्या फेरीत १९५पर्यंत जाते आणि नंतरही वरखाली होत राहते. दोन अंशांचे अंतर ठेवूनही असे का व्हावे?

उत्तर : कंपॅरेटरने हीटर वेळेवर बंद केला तरी उष्णता वाटेत असते. दिव्याची उष्णता आधी ॲल्युमिनियमच्या भिंतीत शिरते, मग लेपातून बाहेर येते, मग थर्मिस्टरच्या पट्टीत आणि शेवटी त्याच्या मण्यात पोचते. मणी १८० म्हणतो तेव्हा भिंत पुढे गेलेली असते. ८०० वॉट हे आपण धरून ठेवू पाहत असलेल्या तापमानासाठी लागणाऱ्या शक्तीपेक्षा खूप अधिक आहेत, त्यामुळे दर वेळी हा हिसका बसतो.

सर्वांत आधी थर्मिस्टरची पट्टी तपासावी. जुन्या फ्यूजरमध्ये तिच्यावर टोनरचा काळा, कडक थर साचलेला असतो आणि तो उष्णतारोधकासारखा वागतो. लाकडी काडी आणि अल्कोहोलने तो काढल्यावर निम्मी तक्रार नाहीशी झाल्याचे मी पाहिले आहे. पट्टी खरवडण्यासाठी चाकू वापरू नये, कारण मण्यावरचे पॉलिइमाइडचे आवरण फाटले तर थर्मिस्टरच्या तारा धातूच्या रोलरला टेकतील. दुसरे म्हणजे रोलर फिरता ठेवावा आणि पाटी घालण्याआधी पाच मिनिटे थांबावे. पहिली उसळी ओसरल्यावर आणि दाबरोलरही तापल्यावर वरखाली होणे बरेच कमी होते. आपले काम टोनर पाटीवर चिकटवण्याचे आहे आणि त्याला पाच-सात अंशांनी फरक पडत नाही, तेव्हा एवढ्यावर समाधान मानायला माझी हरकत नाही.

त्याहून स्थिर तापमान हवे असेल, तर चालू-बंद ही पद्धत सोडून प्रमाणात शक्ती द्यावी लागते. २ सेकंदांचा काळ एक एकक धरावा, ज्यात ५० हर्ट्झच्या विजेची १०० आवर्तने बसतात. तापमान लक्ष्यापेक्षा २० अंशांहून अधिक खाली असेल तर १००ही आवर्तने द्यावीत, १० अंश खाली असेल तर ५०, आणि २ अंश खाली असेल तर १०. या पद्धतीत तापमान लक्ष्याच्या थोडे खालीच स्थिरावते. ती तूट भरून काढण्यासाठी पूर्ण ‘पीआयडी’ (आताची चूक, साठत गेलेली चूक आणि तिचा वेग हे तिन्ही पाहणारी नियंत्रणपद्धत) लिहिण्याचा खटाटोप बरेच जण करतात, पण इथे डायल तेवढा वर सरकवला तरी काम होते. शक्ती कमी करण्यासाठी हीटरच्या मार्गात डायोड घालण्याची युक्ती मात्र करू नये, कारण तिने मुख्य विजेत एकाच दिशेची धारा ओढली जाते आणि त्याच ओळीवरच्या ट्रान्सफॉर्मरना त्याचा त्रास होतो.

प्रश्न : माझ्याकडे मायक्रोकंट्रोलरची छोटी पाटी आहे. तिनेच हे काम केले आणि तापमानाचा आलेख संगणकावर पाहिला तर चालेल का?

उत्तर : मायक्रोकंट्रोलर चालेल, संगणक नको. थर्मिस्टर ज्या रोलरला टेकतो त्याच्या आत मुख्य विजेचा दिवा आहे. सिरॅमिकच्या प्रकारात तर तो मुख्य विजेवरच्या पट्टीपासून केवळ एका पातळ फिल्मने वेगळा असतो. ते आवरण फाटले, तर वीज यूएसबीच्या केबलमधून संगणकात आणि तिथून आपल्या हातात येऊ शकते. आलेख पाहायचाच असेल तर विलगक (विजेचा थेट संबंध न ठेवता माहिती पुढे देणारा भाग) मध्ये घालावा किंवा माहिती बिनतारी पाठवावी, आणि मायक्रोकंट्रोलरची पाटी बंद प्लास्टिकच्या डब्यात ठेवावी.

वर दिलेल्या १० किलोओहमच्या जोडणीत, १० बिटच्या (व्होल्टेजला ० ते १०२३ असा आकडा देणाऱ्या) मापकावर आणि ५ व्होल्टच्या संदर्भावर, थंड थर्मिस्टरचा आकडा सुमारे ९९६, १८० अंशांचा २४५ आणि दर अंशाचा फरक पावणेचार एककांचा येतो. आकडा १०१५च्या वर गेला तर तार तुटली असे समजून आणि ३०च्या खाली गेला तर शॉर्ट झाला असे समजून प्रोग्रामने हीटर बंद करावा. तो पुन्हा चालू करण्यासाठी माणसाने बटण दाबावे लागेल, अशी व्यवस्था असावी. मायक्रोकंट्रोलरचा खरा उपयोग मात्र माझ्या त्या वाकलेल्या पट्टीच्या प्रसंगात झाला असता. थंड स्थितीतून हीटर पूर्ण शक्तीने चालू केल्यावर २० सेकंदांत आकडा निदान ४० एककांनी घटलाच पाहिजे, असा नियम घालता येतो. आपल्या फ्यूजरला किती वेळ लागतो ते दोन-तीनदा मोजून हा आकडा ठरवावा. तेवढा तो घटला नाही, तर थर्मिस्टर रोलरला टेकलेला नाही किंवा दिवाच गेला आहे, आणि दोन्ही बाबतींत थांबणे हेच योग्य. ट्रान्झिस्टरच्या बेसपासून जमिनीला १० किलोओहमचा रोधक अवश्य लावावा, म्हणजे मायक्रोकंट्रोलर सुरू होताना त्याचा पाय तरंगत असतो त्या वेळी हीटर चुकून पेटणार नाही. प्रोग्राम अडकल्यास तो पुन्हा सुरू करणारा वॉचडॉगही चालू ठेवावा. आणि चकती? ती इथेही जागेवरच राहील.

प्रश्न : १.६ मिलिमीटर जाडीची पाटी फ्यूजरमध्ये शिरतच नाही. जोराने ढकलली की रोलर थांबतो. काय करावे?

उत्तर : ढकलू नये. हा फ्यूजर कागदासाठी घडवलेला आहे, त्यामुळे दोन रोलरमधली फट आणि स्प्रिंगांचा ताण कागदाच्या हिशेबाचा असतो. दोन्ही बाजूंच्या स्प्रिंगा सारख्याच प्रमाणात सैल कराव्यात किंवा त्यांच्या टेकूखालच्या पाचरी सारख्याच सरकवाव्यात, म्हणजे पाटी तिरकी ओढली जाणार नाही. पाटीची पुढची कड कानसेने गोलसर करावी, कारण तांब्याची धारदार कड टेफ्लॉनच्या लेपावर रेघ ओढते आणि त्या रेघेला पुढे टोनर चिकटू लागतो. शक्य असेल तिथे ०.८ मिलिमीटरची पाटी वापरावी. ती सहज जाते, लवकर तापते आणि रोलरचे तापमानही तिच्यामुळे कमी घसरते.

एकाच फेरीत ठसा बसेल अशी अपेक्षा ठेवू नये. तांबे उष्णता झपाट्याने पसरवते आणि पाटी आत शिरताच रोलर थंडावतो. सावकाश वेगाने सहा-आठ फेऱ्या द्याव्यात, दर फेरीला पाटीची दिशा बदलावी आणि दोन फेऱ्यांमध्ये नियंत्रकाला पुन्हा १८०वर येऊ द्यावे. काचतंतूची नेहमीची पाटी साधारण १३० ते १४० अंशांपुढे मऊ पडू लागते, म्हणून शेवटच्या फेरीनंतर ती लगेच सपाट फरशीवर, वर वजन ठेवून निववावी. कागद पाण्यात घालण्याची घाई त्यानंतरच करावी.